तळ्यावर ऊन पडावं म्हणून

दोह्याजवळ वक्ऱ्याला जुनं सगळं पाडून तिथे जुन्यासारखं नवं बांधलंय. मातकट भिंती, त्यांतून बाहेर डोकावणारी लाकडी वाशांची टोकं, दारांना जाडजूड खिळे. एका बुटक्या भिंतीतल्या वाशाला मी हात लावून पाहिला, तर तो नुसता शोभेचा. आत छताला त्याचा काही आधार नाही. "नानी, ब्यूटिफुल ना?" सनाने विचारलं. "हो बाई, ब्यूटिफुल," मी म्हटलं. पोरीने कौतुकाने इतक्या लांब आणलं होतं, उगाच तिचा विरस कशाला करा.

सना माझ्या मुलीची मुलगी. नवऱ्याबरोबर दोह्याला अल अझीझियाला राहते. मुलं मोठी होत चालली, जागा पुरत नाही, म्हणून अल मुंतझाला दुसरी जागा बघताहेत. त्या जागेच्या मालकाचा फोन त्या दिवशी यायचा होता, त्यामुळे मेट्रोत, टॅक्सीत, चालताना, सगळा वेळ तिचा फोन हातातच. तिची मुलं माझं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. मी त्यांचं इंग्रजी समजते आणि उत्तर मराठीत देते. आमचं बरं चाललंय.

समुद्राकाठी एका हॉटेलात बाहेर मांडलेल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. ओहोटी होती. पाणी दूरवर सरकलेलं आणि मधे ओल्या वाळूचा मोठा सपाट पट्टा, त्यावर कुठेकुठे उरलेलं पाणी चमकत होतं. खारट, थोडा कुजका, शेवाळाचा तोच वास आला. बाकी सगळं पाडता आलं त्यांना, हा वास पाडता आला नाही.

"मम्मी म्हणते, तुमचा हनीमून इथे झाला," सना डोळे मिचकावत म्हणाली. "सो रोमॅंटिक, नानी!"

आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा हनीमून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. लग्न झालं की नवरीने सासूच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या आणि नवऱ्याने बोट पकडून आखाताला जायचं. पुन्हा रजा मिळेपर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड आठवत बसायचं. माझ्या आईचं तसं झालं, मावशीचं तसं झालं. शब्द आणला तो ह्यांनी, आणि ह्यांनी तो आणला त्यांच्या साहेबाकडून.

आमचे हे उम्म सईदला, तेलाची जहाजं भरतात त्या बंदरावर क्लार्क होते. राहायचे कंपनीच्या बराकीत, एका खोलीत चारचौघे, आणि तिथे बायकोला आणायची सोय नव्हती. ह्यांचा साहेब मोजणी खात्यातला, तरणा इंग्रज. त्याला बराक आवडायची नाही, म्हणून त्याने वक्ऱ्याला समुद्राकाठी एक जुनं अरबी घर भाड्याने घेतलं होतं. ज्या साली आमचं लग्न ठरलं, त्याच साली त्याचंही ठरलं. तो ह्यांना म्हणाला, मी लग्न करून इटलीला एका तळ्याकाठच्या गावात हनीमूनला जातोय, घर बंद राहील, तर तूच तुझ्या बायकोला घेऊन राहा आणि घराकडे बघ. परवानगीचे कागदही त्यानेच करून दिले. म्हणजे साहेबाचा हनीमून असेपर्यंत आमचा हनीमून. तो परतला की आमचा संपला.

"हनीमून म्हंजे काय वो?" मी बोटीवर विचारलं.

"मधाचा चांद."

"आनि मध कुठं हाय?"

हे इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तूच घेऊन आलीस नाय का गो." मी तोंडात पदर कोंबला. डेकवर आजूबाजूला सगळे पुरुष, उलट्या आणि डिझेलचा वास, आणि मला हसू आवरेना.

बोट दोह्याच्या किनाऱ्याला लागत नसे. लांब उभी राहायची आणि लाँचने उतरावं लागे. माझ्या हातात आमसुलांची बरणी होती, सासूने दिलेली. सासू निघेपर्यंत तोंड फुगवून होती, नवी नवरी दर्यापार कशाला म्हणून, आणि तरी बरणी तिनेच भरली होती. ती छातीशी धरून मी लाँचमध्ये उतरले. काठावर झाड नाही, डोंगर नाही. नुसतं पांढरं ऊन आणि त्यात बुटकी पांढरी घरं. मला रडू आलं. हे म्हणाले, "घाबरू नको, आपलं घर ह्याच्याहून बरं हाय." त्यांनी "आपलं" म्हटलं तसं माझं रडू थांबलं.

आणि घर खरंच चांगलं होतं. समुद्रातल्या दगडाच्या जाड भिंती, त्यांवर चुना, मधे अंगण. माडीवर एकच खोली, तिला समुद्राच्या बाजूला उभ्या अरुंद खिडक्यांची रांग. छत वाशांचं. ते वासे आफ्रिकेहून यायचे म्हणे, आणि वारा सुटला की त्यांतून बारीक चुना आमच्या अंथरुणावर पडायचा. साहेबाचा मोठा पलंग होता, गादी इतकी मऊ की पाठ खाली जाई. पहिले काही दिवस आम्ही दोघे खाली चटईवरच झोपत होतो. साहेबाच्या पलंगावर झोपायची लाज वाटायची, जणू तो इटलीहून बघत असेल. घासलेटवर चालणारा एक फ्रिज होता. त्यातला बर्फाचा खडा ह्यांनी माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा मी ओरडलेच. मग तोच खडा आम्ही आळीपाळीने चोखला.

आमच्या घरी पुरुष आधी जेवायचे, आम्ही बायका मागाहून. वक्ऱ्याला पहिल्या दिवशी मी ताट वाढून बाजूला उभी राहिले. हे जेवेनात.

"बस ना."

"नंतर जेवते."

"नंतर कोनाबरोबर जेवशील? भिंतीबरोबर?"

मग आम्ही एका ताटात जेवलो. सुरमईचं कालवण, त्यात सासूची आमसुलं, आणि भात. काटे काढून माशाचा मऊ भाग ते ताटात माझ्या बाजूला सरकवायचे. मी सरकवला की तो परत माझ्याकडे यायचा. असा एक तुकडा गार होईपर्यंत इकडून तिकडे फिरायचा. पुढे आयुष्यात मला लोकांनी खूप काही वाढलं, पण माझ्या बाजूला असं कोणी काही सरकवलं नाही.

ह्यांना सकाळी कंपनीचा ट्रक न्यायला येई आणि संध्याकाळी सोडून जाई. दिवसभर मी एकटी. भिंतीपलीकडे एक विधवा राहायची, उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. तिचा मुलगा कुवेतला होता. तिचा नवरा मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या होडीवरचा तांडेल, तो मरून गेला होता आणि तो धंदाही त्याच्या मागोमाग बसला होता. तोंडावर काळसर निळा चकचकीत मुखवटा बांधायची, त्याला बतूला म्हणतात. त्याचा निळा रंग तिच्या नाकावर, गालांवर उतरलेला. माझी साडी तिला भारी आवडली. एक दिवस तिने मला गोल फिरायला लावून साडी किती लांब आहे ते हाताने मोजलं आणि कपाळावर हात मारला.

तिला आपली भाषा येत नव्हती, मला तिची. पहिल्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "माय, माय." मला वाटलं, बाई सांगते आहे, मी तुझी माय. परक्या मुलखात कोणी आपणहून आई व्हायला आलं, माझे डोळेच भरले. मी तिच्या हाताला धरून म्हटलं, "माय." तिने लगेच पेला भरून दिला. मी प्याले. पुन्हा म्हटलं, "माय." तिने पुन्हा भरून दिला. त्या दिवसापासून मी तिला भिंतीवरून हाक मारायची, "माय, ओ माय!" आणि ती बिचारी धावत पाणी घेऊन यायची. नको कसं म्हणणार? मी पीत राहायची. पोटाला तडस लागेपर्यंत मी त्या घरात पाणी प्याले आहे.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे चटईवर लोळून हसले. "अगो येडे, माय म्हंजे पानी! ती म्हनत असेल, ह्या हिंदी पोरीची तहान काय भागत नाय!"

पण मी तिला माय म्हणायचं सोडलं नाही. आणि तीही पाणी आणायचं सोडेना. पुढे कधीतरी तिला कळलं असणार, कारण एकदा तिने पाण्याबरोबर माझ्या केसांना धूप दिला. निखाऱ्यावर ऊद टाकला, माझा अंबाडा सोडला आणि केस त्या धुरावर धरून बसली. आईशिवाय माझ्या केसांना तोवर कोणी हात लावला नव्हता. संध्याकाळी हे आले, दारातच थांबले आणि नुसते श्वास घेत उभे राहिले. ह्यांच्या कपड्यांना कच्च्या तेलाचा वास, माझ्या केसांना उदाचा. ते दोन्ही वास एकत्र मला अजून आठवतात. वेगवेगळे आठवून बघितले, नाही आठवत.

अरबी भाषेतला एकच शब्द मला शिकावा लागला नाही, तो म्हणजे खलास. गाढवावरून पाणी आणणारा पखालवाला हात झटकून म्हणायचा, खलास. मासळी संपली की कोळी टोपली उपडी करून हात झटकायचा आणि म्हणायचा, खलास. चला, एक तरी शब्द आपला निघाला, असं वाटून मी खूश झाले होते. आमच्याकडेही तेल संपलं की खलास, पैसे संपले की खलास, माणूस मेला तरी खलासच.

संध्याकाळी ओहोटी असली की आम्ही त्या सपाट वाळूवर चालत जायचो. घोट्याइतकं पाणी, वरून कोमट आणि तळाशी गार. ह्यांच्या एका हातात दोघांच्या चपला, दुसऱ्या हातात माझा हात. आजूबाजूला कोणी नाही. गावी हे दिवसाउजेडी माझ्याशी बोललेसुद्धा नसते. लाट नाही, गाज नाही. हे म्हणायचे, "साहेबाच्या तळ्यापरीस आपलं तळं मोठं हाय." मग आम्ही त्या समुद्राला तळंच म्हणायला लागलो. "तळ्यावर जाऊया?" असं हे ट्रकमधून उतरता उतरता विचारायचे.

साहेबाचं तळं आम्ही पाहिलं होतं. तो ह्यांना चित्राची कार्डं पाठवायचा. निळं पाणी, मागे बर्फाचे डोंगर, काठावर पिवळ्या, गुलाबी घरांची उतरंड. एका कार्डावर धक्क्यावर छत्री घेऊन उभी असलेली बाई होती, पाठमोरी. ती साहेबाची बायकोच, असं मी धरून चालले. मागच्या मजकुरात ठरलेलं काहीतरी असायचं. हवा छान आहे, ऊन आहे, आम्ही अजून थोडे दिवस राहू. हे वाचून दाखवायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

तेव्हापासून मी नमाजानंतर दुआ मागायला लागले, की या अल्ला, त्या तळ्यावर ऊन पडू दे. पाऊस नको, धुकं नको. त्या छत्रीवाल्या बाईला सर्दी होऊ नये. त्या दोघांचं भांडण होऊ नये. कुठल्या कोण गोऱ्या नवराबायकोचा संसार सुखाचा व्हावा म्हणून आमच्या गावातल्या कोणी मुलीने इतक्या तळमळीने दुआ मागितली नसेल. दुआ कबूल होत गेली. थंडी आली, सकाळी अंगणात दव पडायला लागलं, साहेबाचा मुक्काम लांबत गेला.

मग एका संध्याकाळी हे ट्रकमधून उतरले आणि तळ्याचं नाव काढलं नाही. चहा गार झाला तरी पेला हातातच.

"साहेब येतोय," ते म्हणाले. "बायकोला घेऊन."

मी त्यांच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.  मग ह्यांनीच खोलीचा विषय काढला. उम्म सालेमच्या अंगणात कोपऱ्यात एक खोली होती. तिच्या नवऱ्याचे दोर, जाळी, फुटकी वल्ही भरून ठेवलेली. ती आम्हाला दिली तर मी राहू शकत होते. कागदाचं हे बघणार होते. पण विधवा बाईशी परक्या पुरुषाने जाऊन बोलणं तिथल्या रीतीत बसत नव्हतं, मलाच विचारावं लागणार होतं.

"तुला राहायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"हे काय इचारनं झालं?"

"तरी पन. खोली ल्हान हाय. उन्हाळा इथं लय वाईट."

"मी राहीन," मी म्हटलं. "तुमी असाल तिथं राहीन." आयुष्यात इतकं उघड मी त्यांना एकदाच बोलले.

त्यांनी मला चार अरबी शब्द शिकवले. सकाळभर मी ते घोकले, पीठ मळताना, झाडताना. मग हिरव्या बांगड्या सारख्या करून, पदर नीट घेऊन पलीकडे गेले. उम्म सालेम अंगणात मासे सुकत घालत होती. मी ते चार शब्द म्हटले. चुकले असतील, म्हणून खोलीकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, आणि ह्यांच्यासाठी हवेत उंच हात धरून दाखवला. ती हातातला मासा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग खोलीकडे बघितलं. बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत होती. तिच्या नवऱ्याचं सामान होतं ना आत. मग तिने मासा खाली ठेवला, दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले आणि म्हणाली, "खलास."

मी तशीच उभी. तिने पुन्हा हात झटकले. "खलास, खलास." आणि उठून घरात गेली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पखालवाला असेच हात झटकायचा. कोळी असाच झटकायचा. मी घरी येऊन माडीवर गेले आणि साहेबाच्या पलंगावर तोंड खुपसून रडले. मला तिचा रागही आला. माय म्हणवून घेतलंस, केसांना धूप दिलास, आणि मेलेल्या माणसाचे दोर तुला माझ्याहून जवळचे झाले!

संध्याकाळी ह्यांनी दारातूनच विचारलं, "काय म्हनाली?"

"नाय म्हनाली."

एवढंच मी सांगितलं. ती काय शब्द बोलली ते ह्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. नाही ते नाही, त्यात शब्द काय सांगायचे.

दोन-तीन दिवसांनी पलीकडून आवाज यायला लागले. मी भिंतीवरून पाहिलं तर एक माणूस खोलीतले दोर बाहेर काढत होता. मग चुना कालवल्याचा वास आला. म्हणजे खोली दुसऱ्या कोणाला दिली होती. उम्म सालेमने मला पाहून हात हलवला, खोलीकडे दाखवलं, काहीतरी बोलली. त्यात इन्शाल्ला तेवढं कळलं. मी तोंड फिरवून आत गेले. नंतर तिने दार वाजवलं तेव्हा मी उघडलं नाही. त्यानंतर ती दोह्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली असं ह्यांनी कोणाकडून तरी ऐकलं. आम्ही निघालो त्या दिवशी तिच्या दाराला कुलूप होतं. मला बरंच वाटलं. ट्रक सुरू झाला तेव्हाही ओल्या चुन्याचा वास येत होता.

त्यानंतर मी गावी आणि हे पुन्हा बराकीत; माझा संसार झाला तो रजेपुरता. हे यायचे, पेटी उघडायचे, साबणाचा, अत्तराचा वास घरभर पसरायचा, आणि तो जायच्या आत हे निघून जायचे. पहिल्या रजेवर आले तेच बदललेले. ताटात काही सरकवलं नाही. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता म्हणाले, "तुला तिथं करमत नव्हतं ना?"

मी चकित झाले. मग वाटलं, ह्यांना जागा मिळाली नाही, ते खापर आता माझ्या माथी फोडताहेत. मी तशी तोंडाची फटकळ. म्हटलं, "तुमी म्हनता तर नसेल करमत."

 पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पुढे कंपनीने घरं दिली. गावातल्या बायका एकेक करून तिकडे गेल्या, दोह्याला मुलं झाली, शाळेत गेली. आमच्या ओटीवर कोणी ह्यांना विचारलं, तू का नेत नाहीस, की हे शांतपणे म्हणायचे, "तिला नाय आवडत तिकडं." मी आत चुलीपाशी ऐकायची. मला वाटायचं, ह्यांनाच मी नको आहे, आणि वर नाव माझं सांगतात. मी मनातून तुटत गेले. त्यांनी कधी मारलं नाही, शिवी दिली नाही, कमी पडू दिलं नाही. मुलं झाली, मुलांची लग्नं झाली. नोकरी संपवून हे कायमचे घरी आले आणि आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहिलो. एकमेकांना फार जपून, फार अदबीने. मग ते गेले.

"नानी, वन मिनिट." सनाचा फोन वाजला होता.

मालकाचा. ती आपली थोडं इंग्रजी, थोडं अरबी बोलत होती. मधेच तिचा चेहरा गंभीर झाला. मग ती म्हणाली, "खलास? ... खलास. शुक्रन, शुक्रन!" आणि फोन ठेवला.

मला पोरीची कीव आली. "जाऊ दे गो," मी तिच्या हातावर हात ठेवला. "दुसरी मिळेल जागा."

"दुसरी कशाला? मिळाली ना! नानी, वी गॉट इट!"

"अगो, पन तो खलास म्हनाला ना?"

"हो मग. खलास म्हणजे डन. पक्कं झालं, ठरलं. आता ती आपलीच." ती हसत होती. तिने मला मिठी मारली आणि नवऱ्याला फोन लावायला उठली.

मी समुद्राकडे बघत बसले. पाणी परत चढायला लागलं होतं.  मग मासा खाली ठेवणारा तो हात दिसला. तिने नवऱ्याचे दोर काढले होते. माझ्यासाठी काढले होते. खोलीला चुना दिला, भिंतीवरून मला हाक मारली, दार वाजवलं, आणि मी कडी काढली नाही. लेकीकडून परत येऊन तिने काय केलं असेल? माझ्यासाठी पाणी घेऊन भिंतीपाशी आली असेल का?

आणि मग हे आठवले. शेवटच्या आजारात, दुपारी, मी त्यांचे पाय चेपत होते. डोळे मिटलेले, मला वाटलं झोप लागली. तर म्हणाले, "म्हातारीनं चुना दिला व्हता गो खोलीला. तू गेल्यावर तिचा भाऊ सांगत व्हता. वाट बघत बसली व्हती."

मी म्हटलं होतं, "दिला असंल. दुसरा कोन राहायला येनार असंल."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं होतं. रागाने नाही. थकलेल्या माणसाने बघावं तसं. थोडं हसलेसुद्धा. मग कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी समजले, औषधाने बरळताहेत. मी पाय चेपत राहिले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी निघून गेल्यावर लगेच कळलं असणार. ती बाई हो म्हणाली होती आणि बायकोने येऊन नाही म्हणून सांगितलं. दुसरा काय अर्थ लावतील? लहान खोली, वाईट उन्हाळा, पोरीला राहायचं नव्हतं, तोंडावर सांगता आलं नाही म्हणून खोटं बोलली. तरी मला एकदा करमत नव्हतं ना म्हणून विचारलं, आणि मीही काय उत्तर दिलं! त्यानंतर जन्मभर त्यांनी मला सक्ती केली नाही. लोकांना सांगत राहिले, तिला नाय आवडत तिकडं. मी ज्याला टाळणं समजत होते, ते मला सांभाळणं होतं. चूल समोर आणि ओटी पलीकडे, मधे एक कुडाची भिंत. मी उठून बाहेर यायचं होतं आणि म्हणायचं होतं, कोण म्हणतं नाही आवडत?

आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. रस्त्यावरून जाताना गडग्यापाशी थांबायचं, फातेहा पढायचा आणि पुढे निघायचं. त्यांची कबर कुठल्या झाडाखाली आहे ते मला मुलाने सांगितलंय, मी पाहिलेली नाही. शबेबरातच्या रात्री, सगळे पुरुष कबरींवर जातात तेव्हा, तो जातो. त्याला काय सांगू? जा, बापापाशी उभा राहा आणि सांग, आईला तो शब्द कळला नव्हता? तो म्हणेल, आई, तुझं आता वय झालं. सनाला सांगावं तर ती फोन करून सगळ्यांना कळवेल, सगळे हळहळतील, आणि माझ्या हळहळीचं काय करायचं ते त्यांना कळणार नाही.

"नानी, यल्ला, चल, उशीर होतोय. अँड यू आर क्राइंग! काय झालं?"

"काय नाय गो. उन्हानं."

ती माझ्या हाताला धरून मला टॅक्सीकडे घेऊन चालली. तिच्या नव्या जागेत माझ्यासाठी वेगळी खोली आहे म्हणे, मुलांच्या खोलीशेजारी. "तुला आवडेल ना नानी इथे राहायला?" तिने विचारलं. आवडेल, मी म्हटलं, मला इथे आवडतं. अगदी स्पष्ट, आजूबाजूचे लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हटलं. पण हे ज्यांना सांगायचं होतं, ते मला खोटारडी समजून गेले.